वाघाच्या वर्षाचं माणूस

शेवटच्या दिवशी आई हालिउनला शेळी कशी विंचरायची ते शिकवत होती. सातव्या वर्षी, सातव्यांदा.

"अगं, तिची लोकर काढतेयस की समजूत काढतेयस?" आई म्हणाली. "जोर लाव जरा. ती काही काचेची नाही."

"काकू, ती माझ्याकडे बघतेय."

"बघणारच. असं विंचरणारं माणूस तिने कुठे पाहिलंय! आणि म्हणे खाणीत दोनशे टनांचा ट्रक चालवते."

"ट्रकला शिंगं नसतात, काकू."

आई हसली. पाय बांधून आडवी पाडलेली शेळी हसली नाही. एप्रिल चालू होता. आमच्याकडे एप्रिलला वसंत म्हणतात, म्हणणाऱ्याला विनोदबुद्धी असली पाहिजे. सकाळी ऊन पडतं, दुपारी धुळीचं वादळ येतं, संध्याकाळी बर्फ. या सगळ्यात शेळ्यांच्या अंगावरची आतली मऊ लोकर सुटायला लागते आणि ती लोखंडी फणीने काढून घ्यायची असते. उशीर झाला तर ती लोकर वारा नेतो. म्हणून दर एप्रिलला मी सुट्टी काढून उलानबातरहून आईच्या तळावर यायची, आणि माझ्याबरोबर माझी मैत्रीण हालिउन यायची.

मैत्रीण हा शब्द मी सात वर्षं वापरला. उलानबातरला मी एका प्रकाशनात पुस्तकांची भाषा तपासते. लेखकाने ढोबळ शब्द वापरला की पेन्सिलीने त्याखाली रेघ मारते आणि समासात लिहिते, 'नेमका शब्द?' या शब्दाखाली रेघ मारायची हिंमत मला झाली नव्हती. आईला सांगायचं वाक्य फक्त चार शब्दांचं होतं. ते मी सात वर्षं सोबत नेत होते आणि तसंच परत आणत होते.

त्या खेपेला येताना गाडीत हालिउन म्हणाली होती, "येसुई, या वेळी सांग. नाहीतर पुढच्या एप्रिलला तू एकटीच ये शेळ्या विंचरायला."

"धमकी आहे?"

"नाही गं. अडतीस वर्षांची झालेय मी. मैत्रीण म्हणून आता निवृत्त व्हायचंय."

ती हे चिडून म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. ती खड्डे चुकवत, रस्त्याकडे बघत म्हणाली. हालिउन जे रस्त्याकडे बघत म्हणते ते ती करते.

खरं तर आमच्या देशात दोन बायकांनी प्रवास करण्याइतकं सोपं काही नाही. तिच्या जपानहून आलेल्या जुन्या गाडीतून आम्ही नऊ वर्षांत पश्चिमेच्या सरोवरांपासून पूर्वेच्या गवतापर्यंत सगळीकडे गेलोय. दिसेल त्या गेरचं दार उघडावं. लोकर थापून केलेल्या नमद्याच्या त्या गोल घरात चहा मिळतो, मटण मिळतं आणि निजायला एकच पलंग मिळतो. "दोघी मुलीच ना? एकत्र झोपा, ऊब राहील," असं म्हणून घरची म्हातारी वर आणखी एक गोधडी टाकते. राजधानीत याच गोष्टीसाठी आम्ही घरमालकिणीला मावसबहिणी असल्याचं सांगितलंय, हॉटेलात दोन वेगळे पलंग मागून घेऊन मग ते आवाज न करता जोडलेत. रानात तेच लोक आग्रहाने देतात. अट एवढीच की त्याला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की गोधडी काढून घेतील.

चहाबरोबर प्रश्न येतात.

"मुलंबाळं?"

"अजून नाहीत."

"नवरा?"

"शोधतेय."

"आणि हिचा?"

"तीही शोधतेय."

"बरंय मग, दोघी मिळून शोधा," एक आजी म्हणाल्या होत्या. हालिउन तोंडातल्या चहासकट बाहेर पळाली होती. गेरला खोल्या नसतात, कोपरासुद्धा नसतो. तरी आम्ही नऊ वर्षं लपलो. कौशल्य म्हणतात ते हेच.

तर त्या दिवशी मी तीनदा प्रयत्न केला. तीनदा म्हणजे माझ्या हिशेबाने. आईच्या हिशेबाने कदाचित एकदाही नाही.

पहिला प्रयत्न शेळ्यांच्या वाड्यात. "आई, तुला एक सांगायचं होतं."

"सांग. आधी त्या बोकडाचा मागचा पाय धर."

मी पाय धरला. बोकडाने मला लाथ मारली. आई म्हणाली, "शहरात राहून हात मऊ झालेत तुझे." त्यानंतर विषय माझ्या हातांचा झाला.

दुसरा प्रयत्न चहाच्या वेळी. मी तोंड उघडलं आणि बाहेर कुत्रा भुंकला. शेजारच्या दरीतला शारव आला होता, नेहमीप्रमाणे झिंगलेला, नेहमीप्रमाणे सहज म्हणून. आई चहाची वाटी घेऊन दारापर्यंत गेली, त्याच्या हातात दिली, त्याचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली आणि रिकामी वाटी घेऊन आत आली.

"आत का नाही घेतलंस त्याला?" हालिउनने विचारलं.

"घोड्याच्या डोक्यात मारतो तो. डोक्यात! मी पाहिलंय. असले हात माझ्या किटलीलासुद्धा लागलेले चालायचे नाहीत मला." मग माझ्याकडे वळून, "तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही. मीठ कमी आहे चहात."

"स्वतः घाल."

तिसरा प्रयत्न निघताना. दुपार झाली होती, सामान गाडीत गेलं होतं. मी ठरवलं, दाराशी सांगायचं आणि लगेच गाडीत बसायचं. वाक्य टाकून पळून जायचं, दगड मारून पळतात तसं. पण आई पेटीतून काहीतरी काढत होती. कापडात गुंडाळलेला देल होता, नवा कोरा. तपकिरी रेशमाचा लांब अंगरखा, कडेला निळी पट्टी.

"घे गं," ती हालिउनला म्हणाली. "माझ्यासाठी शिवायला घेतला, माप चुकलं. हिला दिला तर तंबू होईल. तुला बसतो का बघ."

"काकू, हे रेशीम आहे..."

"मला माहितीय काय आहे ते. हात घाल. दुसरा. बाही खाली ओढ."

देल बसला. नुसता बसला नाही, हालिउनचा डावा खांदा खाणीतल्या अपघातापासून थोडा उतरता आहे, तिथे शिवणही उतरती होती. चुकलेलं माप एखाद्याला इतकं नेमकं बसतं याचं मला नवल वाटलं, पण एवढंच. खांद्याशी चांदीची बटणं होती, बाबांच्या जुन्या देलची. मला वाटलं, आई काही वाया घालवत नाही. मग आईने कमरपट्टा घेतला, हालिउनला दोनदा वेढला, स्वतः गाठ मारली, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि म्हणाली, "हं. आता माणसात आलीस."

दुसऱ्यांची वाक्यं वाचून पोट भरणाऱ्या मला हे सगळं समोर लिहिलेलं दिसत होतं. मी काय वाचलं, तर आईचं माप चुकलं.

आई दुधाची वाटी आणि लाकडी पळी घेऊन बाहेर आली. निघालेल्यांच्या मागे दूध शिंपडायचं असतं, वाट शुभ व्हावी म्हणून. आणि एकदा दूध पडलं की निघालेल्याने मागे फिरायचं नाही, काही विसरलं असलं तरी. हा रिवाज कुणी भित्र्या माणसाने काढला असणार. मी गाडीच्या आरशात पाहिलं. आई पळीने दूध उडवत होती आणि वारा ते तिच्याच अंगावर आणत होता.

डोंगर वळल्यावर हालिउन म्हणाली, "सांगितलंस?"

"वेळच मिळाला नाही."

"दोन दिवस होतो आपण."

"शेळ्या होत्या."

"हं," ती म्हणाली. "शेळ्या." आणि पुढचे पाच तास नुसती गाडी चालवत राहिली. त्या रात्री आम्हाला ज्या अनोळखी गेरमध्ये जागा मिळाली तिथेही एकच पलंग होता. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वेगळे पलंग असते तर बरं झालं असतं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीत फोनला रेंज आली. सोळा मिस्ड कॉल होते. मी उलटा फोन केला तो चोइझिल काकांना, माझ्या मावशीच्या यजमानांना.

"येसुई, पोरी," ते म्हणाले आणि थांबले. "तुझी आई काल संध्याकाळी देव झाली."

आमच्याकडे माणूस मरत नाही, देव होतो. त्यानंतर त्याचं नावही कुणी घेत नाही. दुपारी दूध उडवणारी बाई संध्याकाळी देव होते, यात मला जरा घाई वाटली. आधी साधं म्हातारं व्हायचं असतं, आजारी पडायचं असतं, मुलीला चार वेळा बोलावून घ्यायचं असतं. आई शेळ्या वाड्यात घालता घालता मध्येच थांबली असावी, आणि आत जाऊन आडवी झाली. एवढंच.

हालिउनने गाडी वळवली. मागे फिरू नये हे तिलाही माहीत होतं.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती आणि आईच्या गेरच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. माझ्या आठवणीत असं कधीच झालं नव्हतं. दार लावलेलं होतं. माणसं शेजारच्या सामानाच्या लहान गेरमध्ये बसली होती, काल भरलेल्या लोकरीच्या पोत्यांना टेकून. दोल्गोर मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, चोइझिल काका, सोमच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावाहून मोटारसायकलवर आलेले एक वयस्कर लामा, आणि दूरचे दोन-तीन नातेवाईक. मावशीचा तळ नदीपलीकडे. एप्रिलमध्ये नदीवरचा बर्फ तडकलेला असतो म्हणून आमच्या खेपेला ती कधी यायची नाही. या वेळी वरच्या पुलाचा वळसा घालून आली होती. हालिउनचं नाव तिने ऐकलं असेल-नसेल, तोंड कधी पाहिलं नव्हतं.

मावशीने माझा चेहरा हातात घेतला, आमच्या रीतीने गालाचा वास घेतला, सोडला. "रडायचं नाही," ती म्हणाली. रडलं तर जाणाऱ्याच्या वाटेत समुद्र होतो. मी रडले नाही. लहानपणापासून मी गुणी मुलगी म्हणूनच ओळखली जाते.

"ही कोण?"

"मैत्रीण," मी म्हणाले. "हालिउन. गाडी हिची आहे."

हालिउनने सगळ्यांना मान लववली, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि सरपणाला शेण्या आणते म्हणून बाहेर गेली.

लामांनी पिवळ्या फडक्यातला ग्रंथ आधीच उघडला होता. आमची वर्षं बारा प्राण्यांच्या नावांनी फिरतात; जाणाऱ्याचं जन्मवर्ष आणि जाण्याची वेळ त्यात घातली की ग्रंथ सांगतो कुठल्या दिशेने न्यायचं, कुठल्या दिवशी, आणि पहिला हात कुणी लावायचा. तो हात लागेपर्यंत दुसऱ्या कुणी शिवायचं नाही. म्हणून आई काल संध्याकाळपासून तशीच होती, एकटी, चूल विझलेल्या घरात.

"वाघाच्या वर्षाचं माणूस लागेल," लामा म्हणाले. "आज. सूर्य डोंगराआड जायच्या आत."

"नशीब आपलं," दोल्गोर मावशी म्हणाली. "जावईच वाघाचा आहे."

"कुणाचा जावई?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दुःखाने पोरगी भ्रमली, असं.

"अगं, तुझा नवरा," मावशी हळू म्हणाली. "शहाऐंशीचा वाघ ना तो? ताई सांगायची की. खोव्दकडचा. खाणीत मोठा ट्रक चालवतो. चौदा दिवस काम, चौदा दिवस सुट्टी."



"सात वर्षं ऐकतोय," चोइझिल काका म्हणाले. "जावई बघू म्हटलं की शिफ्टवर. मुंडन होतं, शिफ्टवर. नवं वर्ष, शिफ्टवर. मी म्हटलं, ती खाण आहे का तुरुंग? सुटतच नाही माणूस."

"चरबी फार खातो म्हणे," एक नातेवाईक म्हणाली.

"आणि शेळ्यांना भितो," दुसरी म्हणाली. एवढ्या प्रसंगातही दोघी-तिघी हसल्या. जावयाची ही गोष्ट दरीत आवडीची असावी.

"धुराड्याची नळी त्यानेच बदलली ना गेल्या वसंतात?" मावशी म्हणाली. "ताई किती कौतुक करत होती. म्हणाली, मुलगा असता तर त्यानेही एवढं केलं नसतं."

धुराड्याची नळी गेल्या वसंतात हालिउनने बदलली होती. मी खाली उभी राहून तिला 'पडशील' म्हणत होते आणि आई मला 'तू गप' म्हणत होती.

लोकरीच्या पोत्याला टेकून मी बसून राहिले. मी सात वर्षं जे वाक्य पाठ करत होते ते आईने कधीच दरीभर सांगून टाकलं होतं. वय, गाव, धंदा, खाण्याच्या सवयी, सगळं खरं. बदललं फक्त एक, आणि तेही माझ्यासाठी, मी इथे येऊन सुखाने चहा पिऊ शकावं म्हणून. तिने दर वर्षी माझ्यासमोर जागा मोकळी ठेवली होती. बोकडाचा पाय धर म्हणाली, सांगू नकोस कधीच म्हणाली नाही.

"फोन लाव त्याला," काका म्हणाले. "आत्ताच्या आत्ता निघ म्हणावं. कंपनी सोडेल, सासू गेलीय."

मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आता बोलायला इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी म्हणाले, "शिफ्टवर आहे तो. रेंज नसते तिथे."

घराण्याची रीत मी अशी पुढे चालवली.

लामांनी घड्याळ पाहिलं. "मग दुसरा वाघ बघा."

काकांनी बोटांवर वर्षं मोजली. इथे जमलेल्यांत ससा होता, दोन डुकरं होती, ड्रॅगन मी. "शारव आहे," ते शेवटी म्हणाले. "चौऱ्याहत्तरचा वाघ. बाहेरच उभा आहे."

शारवनेच आईला पहिल्यांदा पाहिलं होतं. शेळ्या अर्ध्या बाहेर दिसल्या म्हणून आला, दारातून हाक मारली, दारातूनच पाहिलं आणि रात्रभर घोडा दामटून मावशीकडे गेला. आत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. आता तो घोडे बांधायच्या खांबाजवळ उभा होता, शुद्धीत, हातात टोपी.

"तो?" मावशी म्हणाली. "ताई त्याला चहा दारात द्यायची."

"घेऊ नये मला," शारव बाहेरून म्हणाला. त्याला सगळं ऐकू जात होतं, नमद्याच्या भिंती. "तिने आत घेतलं नाही ते उगाच नव्हतं."

"ग्रंथात स्वभाव बघत नाहीत," लामा म्हणाले. "वर्ष बघतात. ये रे, हात धू."

किटलीलासुद्धा नको, आई म्हणाली होती. काल. चोवीस तास झाले होते. मी मनात म्हटलं, उठ. पाय उठले नाहीत. मनात मी अनेक वर्षांपासून फार शूर आहे.

तेवढ्यात दार ढकलून हालिउन शेण्यांची टोपली घेऊन आत आली. बाहेर वारा फिरला होता, भुरभुर बर्फ सुरू झाला होता, आणि तिने गाडीतला देल अंगावर चढवला होता.

मावशी उभीच राहिली. "हा देल तुझ्याकडे कसा?"

हालिउन थबकली. "काकूंनी दिला."

"काय दिला! ताईने हिवाळाभर शिवलाय तो. हे रेशीम मी आणून दिलंय तिला. बटणं भावजींची आहेत, मला विचारून लावली. जावयासाठी आहे तो. म्हणाली, लग्न काही आपल्याला बघायला मिळालं नाही, निदान या वसंतात आपल्या हाताने अंगावर घालीन, पट्टा बांधीन. आणि तू, गाडीवाली, उचलून घालतेस? वर तिच्या नावावर खपवतेस? काढ. आत्ता काढ."

लग्नात मुलीकडची माणसं जावयाला नवा देल घालतात, पट्टा बांधतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. दोन कादंबऱ्यांत या प्रसंगातल्या चुका मी समासात दाखवून दिल्यात.

हालिउनने टोपली खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं. विनंती नव्हती त्या बघण्यात, साधी चौकशी होती: काढू? मी काही म्हणत नाही असं दिसल्यावर तिने हात झटकले आणि खांद्याचं पहिलं बटण सोडलं. सवय होती तिला. नऊ वर्षांत माझ्यासाठी तिने काय काय काढून ठेवलं होतं: या दरीत शिरायच्या आधी खिंडीत बोटातली अंगठी, फोनवरचा आमचा फोटो, माझ्या पाठीवरचा हात. दर वेळी न कुरकुरता. तिने दुसरं बटण सोडलं.

"नको काढूस," मी म्हणाले.

आवाज मोठा निघाला. मलाच दचकायला झालं.

"येसुई, तू मध्ये..." मावशी म्हणाली.

"तो तिचाच आहे, मावशी. काल आईने स्वतः तिच्या अंगावर घातला. पट्टाही आईनेच बांधला. मी तिथेच होते." मी उठले होते, कधी ते कळलं नाही. "खोव्दची आहे ती. शहाऐंशीची. ट्रक चालवते. चरबी खाते, शेळ्यांना भिते. धुराड्याची नळी हिने बदलली. नऊ वर्षं आम्ही एका घरात राहतो. मघाशी मैत्रीण म्हणाले ते खोटं होतं. आईने तुम्हाला जे सांगितलं ते खरं होतं."

शेगडीत शेणी फुटल्याचा आवाज झाला. एका नातेवाइकाने चहाची वाटी तोंडाशी नेली ती तिथेच ठेवली.

"म्हणजे जावई..." चोइझिल काका म्हणाले.

"शिफ्टवर नाही," मी म्हणाले.

काकांनी हालिउनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग टोपी काढली, मग पुन्हा घातली. दोल्गोर मावशी खाली बसली. "ताईला ठाऊक होतं?"

"माझ्या आधीपासून."

"सात वर्षं बनवलं मला," ती म्हणाली. कुणाबद्दल म्हणाली ते मी विचारलं नाही. दूरची एक नातेवाईक उठून बाहेर गेली आणि बाहेरच थांबली. तिच्या मागे दार उघडं राहिलं, बर्फ आत यायला लागला, पण कुणी लावलं नाही.

लामांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्ष कुठलं म्हणालीस?"

"वाघ," हालिउन म्हणाली.

"मग बसलोय कशाला? सूर्य तुमच्यासाठी थांबणार आहे का?"

"पण गुरुजी," काका म्हणाले, "हे असं... ग्रंथात चालतं का?"

"आत्ताच सांगितलं ना? ग्रंथात वर्ष बघतात." त्यांनी फडकं गुंडाळायला घेतलं. बाहेर शारवने घशातून एक आवाज काढला, सुटका झालेल्या माणसासारखा.

हालिउन सोडलेली बटणं लावत होती. दोल्गोर मावशी थोडा वेळ ते बघत राहिली, मग तोंड दुसरीकडे वळवून म्हणाली, "पट्टा आवळून बांध. असा ढिला बांधून जायचं नसतं तिच्यापुढे." बांधायला ती उठली नाही. मी बांधला. आईने मारली होती तशी गाठ मला येत नाही. जमेल तशी मारली.

आईच्या गेरचं दार मी उघडलं. रक्ताच्या माणसाने पुढे जायचं नसतं, म्हणून मी दाराशीच थांबले. छताच्या गोल खिडकीतून उजेड थेट चुलीवर पडला होता. किटली कालच्याच जागी होती. पलंगाजवळ लोखंडी फणी होती आणि फणीत पांढऱ्या लोकरीचा पुंजका, हालिउन ज्या शेळीला भीत होती तिचा. आई भिंतीकडे कलून, हात गालाखाली घेऊन होती, दुपारी पाच मिनिटं पडायची तशी.

लामांनी हालिउनच्या हातात निळा रेशमी खादग, मान द्यायचं लांब वस्त्र, दिलं आणि ते बाहेर थांबले. ती आत गेली, डावीकडून चुलीला वळसा घालून, जसं आईने तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पलंगाजवळ गुडघ्यावर बसली. मग वळून मला हळूच विचारलं, "काही म्हणायचं असतं का?"

म्हणायचं काहीच नसतं. अशा वेळी सगळ्यांनी गप्प राहायचं असतं, जाणाऱ्याने मागे वळून पाहू नये म्हणून. माझ्यामागे उघड्या दारात मावशी येऊन उभी होती, काका होते, शारव होता, बर्फ पडत होता.

मी उंबरठा ओलांडून एक पाऊल आत आले.

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "ही माझी बायको."